‘आम्ही’ आणि ‘आपण’: अमेरिकन बेसबॉलमधील पक्षाभिमान व विजयोत्सव

मराठीत उत्तमपुरुषी बहुवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणणारा श्रोत्याला त्या विजयातून वगळतो. ‘आपण जिंकलो’ असे म्हणणारा त्याला त्यात सामावून घेतो. हा भेद बहुधा द्राविड भाषांच्या सहवासाचे फल मानला जातो. इंग्रजीला तो ठाऊक नाही. तेथे एकाच सर्वनामावर दोन्ही कामे भागवावी लागतात. त्यामुळे अमेरिकेतील बेसबॉलचा प्रेक्षक, ज्याने चेंडूला कधी हातही लावलेला नसतो, तो ‘जिंकलो’ म्हणतो तेव्हा खेळाडू त्याला ‘आपण’मध्ये घेतात, की त्याचे ‘आम्ही’ हे केवळ एकतर्फी असते, हा प्रश्न भाषेत अनुत्तरितच राहतो. तो सुटला, किंवा सोडविण्याचे प्रयत्न झाले, ते मैदानावर, विजयाच्या क्षणी, आणि पुष्कळदा धक्काबुक्कीने. त्या प्रयत्नांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम खेळाच्या रचनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बेसबॉलमध्ये फलंदाज चेंडू टोलवून तीन ठाण्यांना क्रमाने स्पर्श करीत पुन्हा ‘होम’ या मूळ ठिकाणी परतला म्हणजे एक धाव होते. नॅशनल लीग १८७६ मध्ये आणि अमेरिकन लीग १९०१ मध्ये अस्तित्वात आली. उन्हाळाभर चालणाऱ्या सामन्यांती प्रत्येक लीगचा जो विजेता ठरे, त्याच्या पदास ‘पेनंट’, म्हणजे निशाण, असे नाव पडले. १९०३ पासून हे दोन विजेते शरदऋतूत परस्परांशी ‘वर्ल्ड सीरीज’ नावाची सामनेमालिका खेळू लागले. या उत्तरमोसमाला पुढे आणखी पायऱ्या जोडल्या गेल्या. त्यांचा विचार योग्य स्थळी येईलच.

पक्षाभिमानी प्रेक्षकासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एकाहून अधिक शब्द स्पर्धा करीत होते. १८८०च्या दशकात ‘क्रँक’ हा शब्द रूढ होता. त्याचा अर्थ विक्षिप्त, एका वेडाने झपाटलेला मनुष्य. १८८८ मध्ये या क्रँकांच्या बोलीवर एक लहानसे पुस्तकही निघाले. त्याच सुमारास ‘फॅन’ हा शब्द आला. तो ‘फॅनॅटिक’चे लघुरूप असावा असे सर्वसाधारण मत आहे. तिसरा शब्द ‘रूटर’. ‘रूट’ या क्रियापदाचा अर्थ मुळे रोवणे असाही होतो आणि डुकराप्रमाणे नाकाने जमीन उकरणे असाही होतो; ओरडून पाठिंबा देणे हा अर्थ यांपैकी कशातून निघाला याविषयी एकमत नाही. १९०८च्या एका लोकप्रिय गीताने हे क्रियापद अमेरिकेत घरोघरी पोहोचविले. ‘क्रँक’ मागे पडला, ‘रूटर’ क्वचित वापरात राहिला, ‘फॅन’ टिकला. तथापि या तिहींत एक गोष्ट समान आहे: प्रेक्षकाला संघाचा घटक म्हणणारा त्यांत एकही नाही. वेडा, उन्मादी आणि ओरडणारा, अशीच त्याची ओळख.

ही ओळख मान्य नसलेला पहिला संघटित गट म्हणजे बॉस्टनचे ‘रॉयल रूटर्स’. मायकेल मॅग्रीव्ही या मद्यगृहाच्या मालकाभोवती तो जमला होता. मद्यगृहाचे नाव ‘थर्ड बेस’. घरी परतण्यापूर्वीचे शेवटचे ठाणे, असा त्यातील विनोद. १९०३च्या पहिल्या वर्ल्ड सीरीजमध्ये ही मंडळी बॉस्टनच्या संघाबरोबर पिट्सबर्गला गेली आणि तत्कालीन नाट्यसंगीतातील ‘टेसी’ नावाच्या गीताचे शब्द बदलून तेथील थोर खेळाडू होनस वॅग्नर याची यथेच्छ टवाळी करू लागली. बॉस्टनने मालिका पाच विरुद्ध तीन अशी जिंकली. विजयात आपल्या गाण्याचा वाटा होता, अशी रूटर्सांची दृढ समजूत होती. या गाण्याने प्रतिपक्ष हैराण झाल्याच्या आठवणी पिट्सबर्गकडूनही पुढे सांगितल्या गेल्या.

नऊ वर्षांनी या समजुतीची कसोटी लागली. १९१२ साली बॉस्टनची गाठ न्यूयॉर्क जायंट्सशी पडली. १५ ऑक्टोबरच्या सामन्यास रूटर्स वाजतगाजत फेनवे पार्कवर आले, तो त्यांच्या नेहमीच्या जागा इतरांना विकल्या गेलेल्या! ते हटेनात. घोडेस्वार पोलिसांनी त्यांना मैदानाबाहेर रेटले, कुंपणाचा काही भाग मोडला, आणि या गोंधळात ताटकळत उभ्या राहिलेल्या बॉस्टनच्या गोलंदाजाचा हात थंड पडून जायंट्सनी ११-४ असा विजय मिळविला. दुसऱ्या दिवशी निर्णायक सामना होता. बॉस्टनने तो दहाव्या डावात ३-२ असा जिंकून जगज्जेतेपद मिळविले; परंतु ते पाहावयास आदल्या दिवसाच्या साधारण निम्मेच प्रेक्षक होते. रूटर्स रागाने घरी बसले होते. संघ आपला आहे असे मानणाऱ्यांना तिकीट-खिडकीने दिलेले हे पहिले ठळक उत्तर होय.

विजयोत्सवाच्या इतिहासात मात्र १९१२पेक्षा १९०८चे महत्त्व अधिक आहे. त्या काळी सामना संपताच प्रेक्षक मैदानात उतरत आणि ते ओलांडून बाहेर पडत. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर खेळाडूंची खोलीही मैदानाच्या दूरच्या टोकाला होती; म्हणून शेवटचा टोला बसताच खेळाडू गर्दी गाठण्यापूर्वी तिकडे धूम ठोकीत. २३ सप्टेंबर १९०८ रोजी जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना नवव्या डावात १-१ असा बरोबरीत होता. दोन गडी बाद झालेले, पहिल्या ठाण्यावर एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल, तिसऱ्यावर मॅककॉर्मिक. टोला बसला, मॅककॉर्मिक होमवर पोहोचला, जायंट्स जिंकले असे सर्वांनीच धरले आणि लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या ठाण्याकडे निघाला होता. गर्दी पाहून तो मध्येच वळला आणि खोलीकडे पळाला. नियमाप्रमाणे त्याने दुसऱ्या ठाण्यास स्पर्श करणे आवश्यक होते. कब्जचा जॉनी एव्हर्स हा नियम नीट जाणत होता. याच महिन्याच्या आरंभी पिट्सबर्गला त्याने हाच आक्षेप पंच हँक ओडे याच्यापुढे व्यर्थ मांडला होता. या वेळी त्याने चेंडू मागवून ठाण्यास पाय लावला. तो चेंडू मूळचा होता की दुसराच, याविषयी साक्षीदारांत कधीच एकवाक्यता झाली नाही. पंच पुन्हा ओडेच होता. त्याने मर्कलला बाद ठरविले. धाव रद्द झाली, सामना बरोबरीत सुटला. मोसमाअखेर दोन्ही संघ समसमान राहिल्याने ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळावा लागला. तो कब्जनी ४-२ असा जिंकला आणि पुढे वर्ल्ड सीरीजही जिंकली.

मर्कलला ‘मठ्ठ डोक्याचा’ अशा अर्थाचे उपनाम जन्मभर चिकटले. हा अन्याय म्हटला पाहिजे. त्याने केले ते त्या काळच्या सर्वच खेळाडूंच्या परिपाठाला धरून होते. त्याला ठाण्यापर्यंत जाऊ दिले नाही ते न्यूयॉर्कच्याच प्रेक्षकांच्या आनंदाने. ‘आपण जिंकलो’ असे समजून धावत आलेल्या लोकांनी संघाचे पेनंट हिरावून नेण्यास हातभार लावला, आणि दोष मात्र एकट्या पोरसवदा खेळाडूच्या पदरी पडला.

पक्षाभिमान हा केवळ वास्तव्याचा प्रश्न नाही, हे पुढील अर्धशतकात अधिक स्पष्ट झाले. ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते; न्यूयॉर्कमध्ये विलीन झाल्यावर त्याच्या स्वतंत्रपणाची खूण म्हणून डॉजर्स हा संघच काय तो उरला. हा संघ १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वर्ल्ड सीरीज हरला आणि पाचही वेळा प्रतिपक्ष न्यूयॉर्क यांकीज हाच होता. ‘पुढच्या वर्षी पाहा’ हे तेथील ब्रीदवाक्यच होऊन बसले. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने डॉजर्सकडून पदार्पण करून या शतकातील वर्णबंदी मोडली, तेव्हा ब्रुकलिन ज्यांनी पाहिलेही नव्हते असे दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोक त्या संघाचे झाले. उलट, यांकीजनी १९४९ ते १९५३ अशी ओळीने पाच जगज्जेतेपदे घेतल्यावर देशभर असे लोक पुष्कळ निघाले की ज्यांचा पक्ष कोणता असे विचारता ‘यांकीजच्या विरुद्ध जो असेल तो’ एवढेच सांगता येई. १९५५चे ‘डॅम यांकीज’ हे संगीतक याच भावनेवर उभे आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला डॉजर्सनी यांकीजना अखेर हरविले आणि ब्रुकलिनचे रस्ते माणसांनी भरून गेले. दोनच वर्षांनी, १९५७च्या मोसमानंतर, मालकांनी संघ लॉस एंजेलिसला नेला. १९६० मध्ये ब्रुकलिनचे मैदान पाडण्यास सुरुवात झाली.

१९६९ मध्ये प्रत्येक लीगचे दोन विभाग झाले. विभागाचे अजिंक्यपद, लीगचे पेनंट आणि वर्ल्ड सीरीज अशा तीन पायऱ्या झाल्या. त्या वर्षी न्यूयॉर्क मेट्स या सात वर्षे हास्यास्पद ठरलेल्या संघाने तिन्ही पायऱ्या आपल्याच मैदानावर ओलांडल्या, आणि तिन्ही वेळा प्रेक्षकांनी मैदानात घुसून हिरवळ उपटून घरी नेली. विजयात आपला हिस्सा आहे ही कल्पना एरवी अमूर्त असते. येथे ती मातीसकट मुळे धरून हातात आली. १४ ऑक्टोबर १९७६ रोजी यांकी स्टेडियमवर क्रिस चँब्लिसने नवव्या डावात टोला सीमेपार मारून पेनंट जिंकून दिले, तेव्हा लोटलेल्या जमावातून त्याला होमपर्यंत पोहोचताच येईना. तो वाट काढीत खोलीत निसटला. नंतर पोलिसांच्या सोबतीने त्याला पुन्हा बाहेर आणण्यात आले, तो होमची पाटीच कोणी उचलून नेलेली! त्या रिकाम्या जागेस त्याने पाय लावला. मर्कलचे स्मरण न्यूयॉर्कला राहिले होते असे दिसते.

यानंतर दार बंद झाले. २१ ऑक्टोबर १९८० रोजी फिलाडेल्फियाचा संघ आपले पहिले जगज्जेतेपद जिंकण्याच्या बेतात असता मैदानाच्या कडेने घोडेस्वार पोलीस आणि कुत्रे उभे करण्यात आले. शेवटचा गडी बाद झाला आणि प्रेक्षक आपापल्या जागीच राहिले. हळूहळू ही व्यवस्था सर्वत्र रूढ झाली. मैदान खेळाडूंचे झाले, जमाव रस्त्यावर गेला; आणि १९८४ मध्ये डेट्रॉइटला दिसल्याप्रमाणे तेथे पोलिसांची गाडीही पेटू शकते.

मोकळ्या झालेल्या मैदानावर खेळाडूंनी एकमेकांच्या अंगावर झेपावून ढीग करणे आणि नंतर बंद खोलीत शॅम्पेन उडविणे, हे दोन विधी पक्के झाले. यांत शॅम्पेन पिण्यापेक्षा एकमेकांवर ओतण्याचे प्रमाणच अधिक. कपाटांवर आधी प्लॅस्टिकचे पडदे बांधावे लागतात, आणि अलीकडे खेळाडू डोळ्यांना चष्मेही लावतात. या पूर्वतयारीचा फजितवाडा १९८६ मध्ये झाला. बॉस्टनला जगज्जेतेपदासाठी एकच गडी हवा असताना त्यांच्या खोलीत पडदे लागले होते, बाटल्या आल्या होत्या. मेट्सनी सामना फिरविला आणि ते सारे घाईघाईने उचलावे लागले. २०१० मध्ये टेक्ससच्या संघाने, व्यसनमुक्तीच्या मार्गावर असलेल्या जॉश हॅमिल्टन या आपल्या सहकाऱ्यासाठी, शॅम्पेनऐवजी आल्याचे पेय उडविले. ‘आपण’ या सर्वनामाचा इतका नेमका उपयोग बेसबॉलच्या इतिहासात क्वचित आढळेल. एरवी हा विधी निखळ ‘आम्ही’चा आहे, प्रेक्षक तो दूरदर्शनवर पाहतो. १९९५ मध्ये विभागविजेत्यांखेरीज आणखी एका संघास प्रवेश मिळाला, २०२२ पासून बारा संघ पात्र ठरू लागले, तसतशा पायऱ्या वाढल्या आणि ओतण्याचे प्रसंगही वाढले. नुसत्या पात्रतेसाठी इतका जल्लोष जुन्या प्रेक्षकांना अनाठायी वाटतो. तथापि १६२ सामन्यांच्या श्रमानंतरचा तो आनंद खोटा म्हणता येत नाही.

प्रेक्षकाच्या सर्वनामाची शास्त्रीय पाहणीही झालेली आहे, जरी ती बेसबॉलची नसून अमेरिकन फुटबॉलची आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून आपल्या विद्यापीठाच्या संघाविषयी विचारले होते. संघ जिंकला असेल तर उत्तमपुरुषी सर्वनाम अधिक वेळा येई. एरवी संघ ‘ते’ होई. आधी एका चाचणीत अपयशी ठरविलेल्या विद्यार्थ्यांत हा कल विशेष दिसला. परंतु पराभवात ‘आम्ही’ न सोडणारे प्रेक्षक ज्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांचा उलगडा या निष्कर्षाने होत नाही. बॉस्टनने १९१८ नंतर थेट २००४ मध्ये जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा अनेकांनी संघाची निशाणे व टोप्या आपल्या वाडवडिलांच्या थडग्यांवर नेऊन ठेवल्या. शिकागो कब्ज १९०८ नंतर २०१६ मध्ये जिंकले. त्या दिवसांत रिगली फील्डच्या विटांच्या बाह्य भिंतींवर लोकांनी, हा दिवस पाहावयास न राहिलेल्या आपल्या माणसांची नावे खडूने लिहिली. भिंत हाताच्या उंचीपर्यंत भरल्यावर काही जण दुसऱ्याच्या खांद्यावर चढून लिहू लागले.

ओकलंडच्या ऍथलेटिक्स संघाने त्या शहरात चार जगज्जेतेपदे मिळविली: १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९. मालकाने संघ हलविण्याचे ठरविले तेव्हा १३ जून २०२३ रोजी एरवी ओस पडणारे मैदान सत्तावीस हजारांहून अधिक लोकांनी मुद्दाम भरून दाखविले. घोष संघाच्या जयाचा नव्हता, संघ विकण्याचा होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तेथे शेवटचा सामना झाला. सामना संपल्यावर लोक मैदानाची माती मागू लागले, आणि मैदानाची निगा राखणाऱ्या कामगारांनी ती त्यांना दिली. २०२५ पासून हा संघ सॅक्रॅमेंटोजवळ खेळतो. लास व्हेगासला जाईपर्यंत त्याने आपल्या नावामागे कोणत्याही गावाचे नाव लावलेले नाही.