‘कशाच्या ऐवजी?’ : ग्लुटेनच्या वादात हरवलेला प्रश्न



मागच्या लेखावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच अडचण सांगितली होती : विषय सापडतो, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा तयार करायचा ते कळत नाही. त्याचं उत्तर आज एका घरगुती वादातून देतो.

माझी मावशी सीवूड्सला राहते. गेल्या वर्षी तिने गहू पूर्ण बंद केला. पोळी, पाव, खारी, बिस्किटं, सगळं एका दिवसात. कारण विचारलं तर म्हणाली, "अरे, ग्लुटेन वाईट असतं. आणि मला खरंच हलकं वाटतंय." दुसरीकडे माझे काका सांगत होते की डॉक्टर तर अख्खं धान्य खा म्हणतात, मग गहू सोडायचा कशाला? जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले. मी पीएचडी करतोय म्हणून निकाल माझ्याकडे मागितला गेला. मला तो तेव्हा देता आला नाही. दोघं एकाच प्रश्नावर भांडत आहेत असं मला वाटत होतं, आणि तिथेच माझी चूक होत होती. या वादामागे दोन वेगळे इतिहास आहेत. ते नीट लावून पाहिले की उत्तर बरंचसं आपोआप समोर येतं.

पहिला इतिहास : धान्यातलं काय बाधतं?

१८८८ मध्ये लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी लहान मुलांच्या एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. मूल खातं, पण अंगी लागत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, वाढ खुंटते. हाच सीलिएक आजार. आहार बदलूनच काही साधेल हे गींना दिसत होतं, पण नेमकं काय बदलायचं ते सापडत नव्हतं. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळालं. आता नीट बघा : त्या आहारात पाव नव्हता. सुधारणा केळी खाल्ल्यामुळे झाली की पाव सुटल्यामुळे, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला.

तो प्रश्न धसास लावला विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, सीलिएकची मुलं सुधारली, पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, अशी गोष्ट नेहमी रंगवून सांगितली जाते. पण डिकेंचा गव्हावरचा संशय युद्धाच्या आधीचा होता, आणि त्यांचा पुरावाही निव्वळ दुष्काळाच्या आठवणीवर उभा नव्हता. त्याच मुलाच्या आहारातून गहू काढायचा, पुन्हा द्यायचा, पुन्हा काढायचा, आणि दर वेळी विष्ठेतून किती चरबी बाहेर पडते ते मोजायचं, अशी ती पद्धत होती. म्हणजे प्रत्येक मूल स्वतःशीच ताडून पाहिलं जात होतं. हे काम १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात त्यांनी पीएचडीचा प्रबंध म्हणून सादर केलं. (हो, प्रबंधातून जग बदलू शकतं. रात्री अडीच वाजता तिसरं प्रकरण लिहिताना हे आठवा.) पुढे १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने दाखवलं की दोष गव्हाच्या पिष्टात नसून ग्लुटेन या प्रथिनात आहे.

आता वहीत लिहून घ्या : डिकेंचा निष्कर्ष कोणाबद्दल आहे? सीलिएक असलेल्या मुलांबद्दल. निरोगी माणसाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

दुसरा इतिहास : धान्यातून काय गेलं?

याची सुरुवातही एका डच डॉक्टरपासून होते. ख्रिस्तियान आइकमान १८९० च्या सुमारास जावा बेटावर बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांच्या लक्षात आलं की पॉलिश केलेल्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की बऱ्या होतात. मग जावातल्या १०० हून अधिक तुरुंगांची पाहणी झाली. पॉलिशचा तांदूळ असलेल्या तुरुंगांत बेरीबेरी कितीतरी जास्त होती. गंमत म्हणजे आइकमान यांना आधी वाटलं की पांढऱ्या तांदळात काही विषारी आहे आणि कोंडा त्यावर उतारा आहे. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी खेरिट ग्रेइन्स यांनी तेच निरीक्षण उलटं वाचलं : तांदळात काही जास्तीचं नाही, काहीतरी कमी झालंय. तेच पुढे जीवनसत्त्व ब-१ म्हणून ओळखलं गेलं.

हा धागा भारतातही आला. १९२० च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅक्करिसन यांनी उंदरांचे गट करून त्यांना भारतातल्या वेगवेगळ्या समाजांचं जेवण दिलं : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. अख्ख्या गव्हाची चपाती असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सगळ्यांत धष्टपुष्ट निघाले, मद्रासी आहारावरचे सगळ्यांत किरकोळ. मराठा उंदरांचा नंबर तिसरा. (काकांना हे सांगितलं तर त्यांना ते फारसं रुचलं नाही.)

यातून ‘अख्खा गहू सर्वश्रेष्ठ’ असं म्हणता येईल? थांबा. शीख ताटात दूध होतं, लोणी होतं, मोड आलेली डाळ होती, कच्च्या भाज्या होत्या. उंदराला चपाती एकटी मिळाली नव्हती, अख्खं ताट मिळालं होतं. यातला कुठला घटक किती कामाला आला हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. संशोधनाच्या भाषेत याला गोंधळकारी घटक म्हणतात. मुलाखतीत व्याख्या विचारली तर हे उदाहरण द्या.

तर हे दोन इतिहास. एक विचारतो, धान्यातलं काय बाधतं? दुसरा विचारतो, धान्यातून काय गेलं? पहिला ठरावीक रुग्णांचा, दुसरा सगळ्यांचा. मावशी पहिल्यातून बोलत होती आणि काका दुसऱ्यातून.

मग निरोगी माणसांचं काय?

मावशीला हलकं वाटलं हे खोटं नाही. पण कशामुळे? ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये ३४ जणांवर चाचणी घेतली. सीलिएक नसलेल्या, पण पोटाची तक्रार असलेल्या या लोकांना ग्लुटेन दिल्यावर त्रास वाढला. मथळे झाले. त्याच गटाने २०१३ मध्ये ३७ जणांवर नवी चाचणी घेतली. या वेळी आधी सगळ्यांच्याच आहारातून पोटात आंबणाऱ्या काही शर्करा कमी केल्या. सगळ्यांना बरं वाटलं. त्यानंतर ग्लुटेन दिलं काय आणि न दिलं काय, फरक दिसला नाही. २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांवर झालेल्या चाचणीत ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त त्रास दिला. फ्रुक्टान ही गव्हातली शर्करा. कांद्या-लसणातही ती असते.

आपल्याच निष्कर्षाला दोन वर्षांत प्रश्न विचारणारा गट मला फार मोलाचा वाटतो. प्रबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ नावाचं प्रकरण आपण उरकून टाकतो ना, त्याचं खरं काम हे असतं.

निरोगी लोकांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये ‘बीएमजे’त आला. अमेरिकेतल्या ६४,७१४ स्त्रिया आणि ४५,३०३ पुरुष, सगळे आरोग्य क्षेत्रातले, १९८६ पासून पुढची सुमारे २६ वर्षं. ग्लुटेन जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळला नाही. उलट संशोधकांनी बजावलं की सीलिएक नसताना ग्लुटेन टाळलं तर अख्खं धान्यही पोटात कमी जाईल, आणि ते हृदयाला फायद्याचं असतं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने १८५ दीर्घकालीन अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र मांडल्या, त्यात तंतुमय पदार्थ आणि अख्खी धान्यं जास्त खाणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसलं.

पण आपल्याकडे हा पेच आहे तरी का?

अमेरिकेत अख्खं धान्य म्हणजे मुख्यतः गहू. त्यामुळे ग्लुटेन सोडलं की अख्खं धान्यही सुटतं. महाराष्ट्रात तसं नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्हींत ग्लुटेन नाही, आणि भाकरी तर अख्ख्या पिठाचीच असते. म्हणजे ‘अख्खं धान्य की ग्लुटेनमुक्त?’ हा पेच ज्वारीच्या भाकरीपुढे विरघळून जातो. तो बाहेरून आलेला पेच आहे.

याचा अर्थ गहू परका आहे असाही नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं धान्य सापडलं. त्यात जव हे मुख्य पीक होतं आणि गहूही होता. दोन्हींत ग्लुटेन असतं. ‘आपले पूर्वज ग्लुटेन खातच नव्हते’ असं कोणी म्हणालं तर इनामगाव आठवा. पुढे देशावर ज्वारी-बाजरी रोजची झाली आणि पोळी सणासुदीची. गहू रोजच्या ताटात आला तो बराच अलीकडे : १९५६ पासून पीएल-४८० करारातला अमेरिकी गहू, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मेक्सिकन वाणांची हरितक्रांती, आणि रेशनचं दुकान. १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा; नाव काढलं तरी तोंड वाकडं करतील. भाकरीची पोळी झाली त्यात धोरणांचा हात मोठा होता, आहारशास्त्राचा फारसा नव्हता.

आणि सीवूड्स? स्टेशनच्या नावातच दारावे आहे. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई वसवली, त्याआधी इथे दारावे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावं होती. आजही आहेत. त्यांची भाकरी तांदळाची. ग्लुटेन शून्य, पण तांदूळ पॉलिशचा असेल तर अख्खं धान्यही शून्य. मावशीच्या बिल्डिंगपासून दहा मिनिटांवर हे उदाहरण आहे : ग्लुटेनमुक्त म्हणजे आपोआप पौष्टिक, असं नसतं.

याच परिसरातल्या एका दुकानात मावशीला ‘ग्लुटेन फ्री’ म्हणून खपली गव्हाचं पीठ दिलं गेलं होतं. खपली जुना गहू आहे, तिची खीर उत्तम होते, पण ती गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. आपल्या नियमांनुसार ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन लागतं. मावशीचं यात पैशांपलीकडे नुकसान झालं नाही. सीलिएक असलेल्या मुलाच्या घरी तीच पिशवी गेली तर ते मूल आजारी पडेल. त्या घराला तर गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेली ज्वारीसुद्धा चालत नाही. आणि अशी घरं दुर्मिळ नाहीत : २०१६ मध्ये आलेल्या, २३,००० हून अधिक प्रौढांच्या भारतीय अभ्यासात उत्तरेत सीलिएकच्या प्रतिपिंडांचं प्रमाण १.२३ टक्के होतं, दक्षिणेत ०.१० टक्के.

मावशीचं पुढे काय झालं

आठ महिन्यांनी मावशीचं हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांना सीलिएकची शंका आली, पण रक्ताची ती चाचणी ग्लुटेन खात असतानाच खरं सांगते. गहू सोडलेला असेल तर आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. त्यामुळे मावशीला कित्येक आठवडे पुन्हा पोळ्या खाव्या लागल्या, मग चाचणी झाली. सीलिएक निघाला नाही. पण मधला काळ आम्ही सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढला. म्हणून शंका असेल तर आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम उलटा करू नका.

आता माझा निकाल. निरोगी माणसाने ग्लुटेन टाळावं असा पुरावा नाही. अख्खं धान्य खावं असा भरपूर आहे. गिरणीतून आणलेल्या, न चाळलेल्या कणकेची पोळी चालेल, भाकरीही चालेल. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली तर काही बिघडत नाही. पोळी सोडून ग्लुटेनमुक्त बिस्किटं धरली तर बिघडतं. आणि मावशीने पोळीबरोबर मैद्याचा पाव, खारी, बिस्किटंही सोडली होती, हे विसरू नका. हास यांची केळी आठवतात ना?

तुमच्यासाठी गृहपाठ : स्वतःच्या संशोधन प्रश्नाखाली चार ओळी लिहा. कोणाबद्दल? काय? कशाच्या ऐवजी? आणि कोणत्या परिणामासाठी? तिसरी ओळ बहुतेकांची कोरी राहते. माझीही पहिली दोन वर्षं कोरीच होती. ती भरल्यावरच आमच्या घरातलं भांडण मिटलं. मावशी आता दुपारी पोळी आणि रात्री भाकरी खाते. काका अजून तिसऱ्या नंबरावर नाराज आहेत.

भेटू पुढच्या लेखात.