उरलेला स्क्रू

बँकेत दिवसअखेर दहा रुपये जास्त भरले, तर ते कुणाचे हे सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही. परवाच्या रविवारी मात्र गाडीच्या दुरुस्तीत एक स्क्रू उरला, आणि मी खुशाल आंघोळीला गेलो.

गाडी अण्णांची. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 साली निवृत्त झाल्या. आमची अजून सेवेत आहे. पण बुधवारी तिची फेरनोंदणीची तपासणी होती आणि ‘नापास झाली तर भंगारात देतो’ असं अण्णा म्हणाले होते. अण्णा बोललेलं करतात. डाव्या मागच्या दिव्याखाली गंज धरला होता. मी तो खरवडला, दोन हात रंग दिला, दिवा परत बसवला आणि गॅरेजवाल्याचे पैसे कसे वाचवले ते बायकोला सांगूनही टाकलं.

अण्णा मागे उभे राहिले. मी ब्रेक दाबला.

“उजवा लागला. डावा नाही.” मग त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. “अरे, पुढचे पार्किंगचे दिवे कशाला मिणमिणतायत?”

ब्रेक दाबला मागच्यांसाठी आणि दिवे लागले पुढे! म्हणजे पुण्यात भरलेले पैसे नागपुरात कुणा भलत्याच्याच खात्यावर पडावेत तसं. बल्ब बदलला, फ्यूज पाहिला. दोघेही निर्दोष.

अशा वेळी कॉमर्सचा पदवीधर दुसरं काय करणार? तो इतिहास वाचत बसतो. मोटारीच्या विजेची घरगुती दुरुस्ती फार जुनी. 1888 च्या ऑगस्टात बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याचीच गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. शंभरेक किलोमीटर. वाटेत वायर उघडी पडली तेव्हा तिनं मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली, असं सांगतात. (‘नवऱ्याला न सांगता’ हे मी घरात मोठ्यानं वाचलं नाही.)

त्या गाडीत वीज ठिणगीपुरती. दिवे पुढेही बरीच वर्षं रॉकेलचे नाहीतर कार्बाइडच्या गॅसचे, आणि इंजिनाला हँडल; ते उलटं फिरलं की मनगट गेलं. मग 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. हा केटरिंग आमच्याच लायनीतला बरं का! आधी तो डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि गल्ल्याच्या यंत्राला त्यानं विजेची मोटर लावली होती. गल्ल्याला जोर क्षणभरच लागतो. इंजिन सुरू करायलाही तसाच क्षणभराचा जोर पुरतो, म्हणून मोटर लहानशी चालते.

वीज वाढली तशा वायरी वाढल्या. प्रत्येक दिव्याला जायला एक आणि यायला एक, म्हणजे तांबं दुप्पट. त्यावर तोड अशी, की जाताना वायर आणि येताना गाडीचा पत्रा. बॅटरीचं एक टोक पत्र्याला जोडायचं. कुठलं, यावर मात्र एकमत नव्हतं. बऱ्याच इंग्रजी गाड्यांत 1960 च्या दशकापर्यंत धन टोक पत्र्याला असे, आमच्या फियाटच्या घराण्यात ऋण. जमाखर्चाची कुठली बाजू डावीकडे लिहायची, तसलाच वाद.

इथं माझी ट्यूब पेटली. लुका पाचोली या इटालियन साधूनं 1494 साली छापून ठेवलंय, की जितकं नावे, तितकं जमा. विजेचंही तेच, गेली ती परत आली पाहिजे. आणि तिचा परतीचा रस्ता, म्हणजे दिव्याखालचा पत्रा, मी स्वतःच्या हातानं रंगवून बंद केला होता! रंगातून वीज जात नाही. राहिलेली वाट होती त्या स्क्रूची, तो साबणाच्या डबीत. ब्रेक आणि पार्किंग या दोघांच्या तारा एकाच बल्बात असतात. वाट अडली तशी वीज शेजारच्या तारेत उलटी शिरली आणि पुढच्या दिव्यांतून पत्र्याला पोचली. वाटेत इतक्यांना भेटल्यावर ती मिणमिणणारच.

खात्री करून घ्यायला एक वायर घेतली, एक टोक होल्डरला, दुसरं उघड्या पत्र्याला. दिवा भक्कन लागला. मग पॉलिश पेपरनं रंग घासला (जीव तुटत होता), स्क्रू आवळला आणि ब्रेकवर पाय ठेवला.

मागून काही आवाज येईना.

“अण्णा, डावा?”

“लागला,” अण्णा म्हणाले. “आता उजव्याला हात लावू नकोस.”

बुधवारी तपासणीला गाडी मीच चालवली. अण्णा शेजारी बसले होते, सदऱ्याच्या खिशात पॉलिश पेपरची घडी घेऊन.