‘नुसता कपडाच तर आहे!’

१३ जानेवारी २००५. लंडनच्या ‘द सन’ या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर वीस वर्षांच्या राजपुत्र हॅरीचे छायाचित्र झळकले. अंगात वाळूच्या रंगाचा लष्करी सदरा, हातात पेला आणि दंडावर नाझी चिन्हाची लाल पट्टी. विल्टशायरमधील एका मेजवानीसाठी त्याने ते सोंग घेतले होते. मेजवानीची कल्पना होती ‘वसाहतवाले आणि नेटिव’. आपल्यासारख्यांनी त्या कल्पनेवरही क्षणभर थांबायला हरकत नाही. आउश्वित्झच्या मुक्ततेचा साठावा स्मृतिदिन तेव्हा दोन आठवड्यांवर आला होता. राजपुत्राने माफी मागितली. पण असे प्रसंग घडले की एक बचाव हमखास पुढे येतो : नुसता कपडाच तर आहे!

आजचा धागा त्या ‘नुसत्या कपड्या’विषयी.

आधी एक खुलासा. आपण उंबरठ्यावर काढतो त्या स्वस्तिकाचा हा विषय नव्हे. नाझी आपल्या चिन्हाला ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणत. येथे चर्चा आहे ती त्या क्रुसाची आणि तो ज्या गणवेशावर मिरवला गेला त्या गणवेशाची.

हा गणवेश ज्यांच्या रस्त्यांवर प्रथम उतरला, त्यांनी त्याला कधीच नुसता कपडा मानले नाही. जून १९३० मध्ये प्रशियाच्या सरकारने नाझींच्या तपकिरी सदऱ्यावर बंदी घातली. नाझींच्या ‘एसए’ दलाचे लोक मग पांढरे सदरे घालून संचलन करू लागले. डिसेंबर १९३१ मध्ये राजकीय गणवेशांवरील बंदी साऱ्या जर्मनीला लागू झाली आणि एप्रिल १९३२ मध्ये एसए व एसएस ही दलेच बेकायदा ठरली. दोन महिन्यांत सरकार बदलले. नवे चॅन्सेलर फॉन पापेन यांनी नाझींचा पाठिंबा मिळवण्यासाठी जूनमध्ये बंदी उठवली. त्यानंतर महिनाभरात, १७ जुलैला, हॅम्बुर्गला लागून असलेल्या आल्टोना शहरातील कामगार वस्तीतून गणवेशधारी एसएने मोर्चा काढला. त्या दिवशी १८ माणसे मेली.

ब्रिटननेही तोच धडा घेतला. मोस्लेच्या काळ्या सदऱ्यांचा उपद्रव पाहून तेथील संसदेने १९३६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने राजकीय गणवेशाला मनाई केली. एकेकट्या माणसाची भीती वाटत नाही. एकाच रंगाचे पाचशे सदरे गल्लीत शिरले की दारे आपोआप बंद होतात. दहशत बसवणे हे त्या कपड्याचे कामच होते.

दुसरे काम होते मोहात पाडण्याचे. एसएसचा काळा गणवेश १९३२ मध्ये कार्ल डीबिच आणि वाल्टर हेक यांनी आखला. तो ह्यूगो बॉसने आखला, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. पण खरी हकीकत त्याहून अधिक बोचरी आहे. मेट्सिंगेन गावचा हा शिंपी-कारखानदार १९३१ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होता. त्याच वर्षी तो पक्षात गेला आणि गणवेशांच्या मागण्यांनी त्याचा कारखाना तरला. युद्धकाळात तेथे सुमारे १४० वेठबिगार राबत होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. शिवाय ४० फ्रेंच युद्धकैदी. कंपनीनेच या इतिहासाचे संशोधन करवून घेतले. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा तिने खेद व्यक्त केला. ज्या गणवेशाच्या नेटक्या शिवणीचे आज कौतुक होते, ती घालणारे हात कोणाचे होते, हे त्या कौतुकात येत नाही.

आणि त्या राजवटीने केवळ स्वतःलाच सजवले नाही. १ सप्टेंबर १९४१ च्या हुकुमाने सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीला छातीच्या डाव्या बाजूस पिवळा तारा शिवून घेणे सक्तीचे झाले. हे तारे बर्लिनच्या एका झेंड्यांच्या कारखान्यात छापले गेले आणि ज्यांना ते लावायचे होते त्यांच्याकडूनच नगास दहा फेनिग वसूल केले गेले. काळा गणवेश आणि पिवळा तारा ही एकाच वस्त्रव्यवस्थेची दोन टोके होत. सोंगासाठी कपडा निवडताना पहिल्या टोकाकडे हात का जातो?

१९७६ च्या सुमारास लंडनच्या पंक तरुणांनी आकड्यांचा क्रूस छातीवर आणि दंडावर मिरवला. व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लारेन यांच्या किंग्ज रोडवरील दुकानातून तसे कपडे विकले गेले. युद्ध जिंकल्याच्या कथा ऐकून कंटाळलेल्या त्या पिढीला वडीलधाऱ्यांना डिवचायचे होते. त्यांतील बहुतेकांना नाझी विचारांशी देणेघेणे नव्हते, हे मला मान्य आहे. पण तो डिवचण्याचा खेळ थोरांसाठी होता; त्याच रस्त्यावरून हातावर छावणीचा क्रमांक गोंदलेला कोणी चालला असेल, तर तो त्याला कसा दिसला असेल?

इतिहासाचे पुनर्सादरीकरण करणाऱ्यांची बाजू याहून भारदस्त आहे. लढाई उभी करायची तर शत्रूही कोणी तरी व्हावेच लागते. हा युक्तिवाद खोटा नाही. नाझी चिन्हांवर कठोर बंदी असलेल्या जर्मनीच्या कायद्यातही कला, संशोधन आणि शिक्षणासाठी सूट आहे. प्रश्न सादर काय होते, हा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातून काँग्रेसची निवडणूक लढवणारे रिच आयॉट हे वाफेन-एसएसच्या ‘वीकिंग’ डिव्हिजनचा गणवेश घालून अशा खेळांत भाग घेत, हे उघड झाले. आपल्याला केवळ इतिहासाची आवड आहे, असे ते म्हणाले. त्या मंडळींच्या लेखी वीकिंगचे सैनिक म्हणजे बोल्शेविकांशी लढायला निघालेले युरोपीय स्वयंसेवक. इतिहास सांगतो की १९४१ च्या उन्हाळ्यात गॅलिशियात याच डिव्हिजनच्या सैनिकांनी ज्यूंच्या कत्तलीत भाग घेतला. आउश्वित्झला जाण्यापूर्वी डॉ. योसेफ मेंगेले याच डिव्हिजनचा वैद्यकीय अधिकारी होता. खेळात रणगाडे येतात, खंदक येतात. पण कत्तलीचा खड्डा कोणी खणत नाही. बटणांच्या अचूकतेवर महिने घालवणाऱ्यांची अचूकता नेमकी तेथे संपते.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे उपाहारगृह उघडले. लोकांचे लक्ष वेधावे, एवढाच हेतू असल्याचे मालकांचे म्हणणे होते. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला आणि थोड्याच दिवसांत नाव बदलले. खारघर रायगड जिल्ह्यात येते. त्याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, म्हणजे मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू, राहत आले. ते नाव ठेवताना हे शेजारी कोणाच्या ध्यानात आले नसावेत.

शेवटी, हा गणवेश जाणूनबुजून अंगावर चढवणाऱ्या दोघांविषयी. १९६५ मध्ये ‘होगन्स हिरोज’ ही जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीवरील विनोदी मालिका अमेरिकी दूरदर्शनवर सुरू झाली. तीत जर्मन सार्जंट झालेला जॉन बॅनर हा ऑस्ट्रियातून परागंदा झालेला ज्यू होता. एका फ्रेंच कैद्याची भूमिका करणारा रॉबर्ट क्लेरी बुखेनवाल्डमधून खरोखर वाचलेला होता. त्याचे आईवडील आउश्वित्झमध्ये मारले गेले. छावणीचा प्रमुख कर्नल क्लिंक झाला वेर्नर क्लेम्पेरर. नाझी सत्तेवर आल्यावर लहानपणी कुटुंबासह जर्मनी सोडावी लागलेला हा ज्यू नट. ही भूमिका त्याने एका अटीवर स्वीकारली : क्लिंकने एकदाही जिंकता कामा नये.