आजोबांचे रिव्हॉल्व्हर नेमके कोणत्या युद्धातले?

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली, की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत परवान्याची शस्त्रे जमा होऊ लागतात. बारा बोअरच्या बंदुका आणि कानपूरच्या आयुध निर्माणीतील .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर यांच्या गर्दीत अधूनमधून मुठीच्या तळाशी कडी असलेले एखादे जड, काळपट रिव्हॉल्व्हरही निघते. 'आजोबांचे, पहिल्या महायुद्धातले' एवढीच त्याची ओळख घरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. धातूवर उमटलेले शिक्के मात्र पुष्कळदा वेगळीच हकीकत सांगतात.

मुळात पहिल्या महायुद्धात साध्या शिपायाच्या हाती रायफल असे. रिव्हॉल्व्हर मिळे ते प्रामुख्याने अधिकाऱ्यांना. भारतीयांना 'किंग्ज कमिशन' मिळू लागले ते १९१७ पासून, तेही मोजक्यांना. त्यामुळे पणजोबा सुभेदार वा जमादार नसतील, तर रणांगणावरून रिव्हॉल्व्हर घरी आल्याची कथा जरा सावधपणेच ऐकावी. सरकारी शस्त्र सरकारजमा करावे लागे. घरात आलेले शस्त्र बहुधा नंतर, परवान्यावर विकत घेतलेले असते.

शिक्के काय सांगतात?

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश फौजांचे ओळखीचे रिव्हॉल्व्हर म्हणजे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे 'मार्क ६'. ते १९१५ मध्ये स्वीकारले गेले. नळी सहा इंच, बोअर .४५५. नळीवरच्या पट्टीवर 'मार्क' रोमन आकड्यात असतो, तर सांगाड्यावर कंपनीचे नाव, 'पेटंट्स' हा शब्द आणि त्याखाली वर्ष. हे वर्ष निर्मितीचे, वापराचे नव्हे. १९१८ चे शस्त्र दुसऱ्या महायुद्धातही वापरात असू शकते. युद्ध संपल्यावर १९२१ पासून काही वर्षे हेच रिव्हॉल्व्हर एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात तयार होत होते. म्हणजे 'मार्क ६' दिसले आणि शिक्का एनफिल्डचा असला, तर पहिल्या महायुद्धाचा दावा तेथेच संपतो.

ब्रिटिश अधिकाऱ्यांना आपले रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने घ्यावे लागे. अट एकच, लष्करी काडतूस त्यात बसले पाहिजे. त्यामुळे काही शस्त्रांवर लष्कराचा शिक्का नसतो, दुकानाचे नाव असते. 'आर्मी अँड नेव्ही' हे असेच एक नाव. त्यांचे मोठे दुकान मुंबईत काळा घोडा परिसरात होते. असा ठसा सापडला तर तो जिवापाड जपावा. शस्त्र कोणत्या दुकानातून विकले गेले, याचा तो थेट पुरावा असतो.

दुसऱ्या महायुद्धाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ब्रिटिश लष्कराने १९३२ मध्ये .३८ बोअरचे 'एनफिल्ड नंबर २' स्वीकारले. त्याच्या उजव्या बाजूला, घोड्याखाली, मुकुट, कारखान्याचे नाव, मार्क आणि वर्ष एकाखाली एक कोरलेले असते. रणगाड्याच्या अरुंद जागेत घोड्याचे टोक अडकते, अशी रणगाडा दलाची तक्रार होती. म्हणून १९३८ मध्ये टोक नसलेला घोडा आला आणि आधीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्येही तो बसवण्यात आला. परिणामी सांगाड्यावर १९३४ आणि घोडा १९३८ नंतरचा, असा मेळ सापडतो. त्यात बनावट काही नसते, दुरुस्तीचा तो इतिहास असतो. युद्धकाळात ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सनेही हे रिव्हॉल्व्हर बनवले आणि सुटे भाग पुरवले ते शिवणयंत्राच्या सिंगर कंपनीने. आपल्याकडे घरोघरी पोचलेले सिंगर ते हेच!

एनफिल्डचे उत्पादन पुरेना, तेव्हा वेब्लीचे .३८ बोअरचे 'मार्क ४' घेण्यात आले. घाईत घासकाम खडबडीत राही. तो कमीपणा कंपनीच्या माथी येऊ नये म्हणून त्यावर 'वॉर फिनिश' असे स्पष्ट कोरले जाई. कानपूरचे .३२ बोअरचे भारतीय रिव्हॉल्व्हर याच 'मार्क ४' वर बेतलेले असल्याने दोघांत गल्लत फार होते. आकारावर जाऊ नये, बोअर पाहावा.

अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनचे 'व्हिक्टरी' मॉडेल ओळखणे सर्वांत सोपे. मुठीच्या तळाशी, कडीजवळ, 'व्ही' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल, तर शस्त्र १९४२ किंवा त्यानंतरचे. 'एसव्ही' असेल तर युद्धाच्या अगदी अखेरचे. खाली पडून गोळी सुटल्याने झालेल्या एका मृत्यूनंतर त्यात सुरक्षेची नवी व्यवस्था बसवली गेली, तिची ती खूण. या कंपनीच्या जुन्या नोंदी टिकून आहेत. क्रमांक कळवून शुल्क भरल्यास शस्त्र कारखान्यातून कधी रवाना झाले, याचे पत्र मिळू शकते.

याशिवाय बाण पाहावा. एक बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर शस्त्र सेवेतून काढून विकलेले. 'बीएनपी' ही अक्षरे बर्मिंगहॅमच्या चाचणीची. ती १९५४ च्या नियमांनंतरची असल्याने असे शस्त्र त्यानंतर इंग्लंडच्या बाजारातून गेले, हे नक्की. सोबत काडतुसाचे रिकामे टरफल असेल तर त्याचाही तळ पाहावा. 'के' आणि 'एफ' यांच्यामध्ये बाण म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना, शेजारचे दोन आकडे म्हणजे वर्ष.

कागद कोठे शोधायचा?

वऱ्हाडातील शस्त्राचा माग काढताना प्रशासनाचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. १९५० पूर्वी हा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि परवाना डेप्युटी कमिशनर देत. पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. त्यामुळे सरकारी पत्रव्यवहाराचा शोध मुंबईपेक्षा नागपूरच्या पुराभिलेखागारात घेणे अधिक फलदायी. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. त्याआधीची नोंद अकोल्यात पाहावी. घरातील जुने परवाना-पुस्तक सापडले, तर त्यात बोअर, क्रमांक आणि खरेदीची नोंद असते. ते रद्दीत घालू नये.

क्रमांकाचे महत्त्व भगतसिंगांच्या पिस्तुलाने दाखवून दिले. अमरावतीच्या श्री हनुमान आखाड्यात व्यायामाचे धडे घेतलेले राजगुरू ज्या घटनेत सहभागी होते, त्या १९२८ च्या सँडर्स प्रकरणातील हे कोल्ट पिस्तूल अनेक वर्षे कोठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. ते १९६९ पासून इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संस्थेत इतर शस्त्रांबरोबर पडून होते. त्यावर रंग चढवलेला होता. २०१६ मध्ये तो खरवडला आणि खटल्याच्या कागदांतील १६८८९६ हा क्रमांक जुळला.

तेथे रंग होता, म्हणून क्रमांक वाचला. आपल्याकडे जुने शस्त्र 'चकचकीत' करण्यासाठी घासून घेण्याची हौस आहे, आणि त्यात शिक्के जातात ते कायमचे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार क्रमांक वा खूण पुसणे हा निषिद्ध प्रकार आहे. खूण पुसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती पुसली, असे कायदा गृहीत धरतो; तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. घासणारा कारागीर हयात नसला, तरी हा बोजा नातवावर येतो.

दुसरी अडचण बोअरची. .४५५ आणि .३८० ही लष्करी काडतुसे ज्यात बसतात, ती रिव्हॉल्व्हर १९६२ च्या शस्त्र नियमांनी निषिद्ध वर्गात टाकली. अशा शस्त्रासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. 'जुने आहे, पुराणवस्तू आहे' हा युक्तिवाद येथे चालत नाही. अधिनियमाची सूट दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा शस्त्रालाच आहे, आणि १९१७ चे वेब्ली थोड्या तेलपाण्यावर चालते.

परवानाधारकाच्या निधनानंतर वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी आणि मगच अर्ज करावा. अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. जमा करण्यापूर्वी परवानाधारक कारागिराकडून ते रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि दोन्ही बाजू, मुठीचा तळ, नळीवरची पट्टी व सिलिंडर यांची छायाचित्रे तिरप्या उजेडात काढून ठेवावीत. समोरच्या प्रकाशात न दिसणारे अर्धवट शिक्के त्यात वाचता येतात.