सूर्य संवेदक, उपग्रहांतील
सूर्याची दिशा व उपग्रहाचा अक्ष यांमधील कोन मोजणारे प्रकाशीय उपकरण. सौर घटांची तावदाने सूर्याभिमुख ठेवण्यासाठी व उपग्रहाचा रोख ठरविण्यासाठी ते वापरतात.

आरंभीच्या संवेदकांत साधे प्रकाशविद्युत् घट असत. घटातील प्रवाह आपाती कोनाच्या कोटिज्येच्या प्रमाणात असतो; पण कोन शून्याजवळ असता कोटिज्या अतिशय मंद बदलते. शिवाय तापमान व पृथ्वीवरून परावर्तित झालेला प्रकाश यांमुळे मापन चुकते. म्हणून विरुद्ध दिशांना कललेल्या दोन घटांच्या प्रवाहांतील फरक घेण्याची पद्धत आली. ओएसओ–१ या सौर वेधशाळेतील (१९६२) उपकरणे प्रकाशघटांच्याच साहाय्याने सूर्यावर रोखलेली असत.

पुढे प्रकाशाच्या तीव्रतेऐवजी त्याचे स्थान मोजण्यात येऊ लागले. फटीतून येणारी प्रकाशरेषा खालच्या जाळीवर कोनाच्या स्पर्शज्येच्या प्रमाणात सरकते. जाळी ग्रे संकेतानुसार आखलेली असते; लगतच्या संख्यांत एकच अंक बदलत असल्याने सीमेवरील चूक एका पायरीपेक्षा वाढत नाही. तथापि सूर्यबिंबाचा कोनीय व्यास सु. ३२ मिनिटे असल्याने रेषेच्या कडा अस्पष्ट होतात. याहून सूक्ष्म मापनासाठी बिंबाचा मध्य काढावा लागतो. १९९० नंतरच्या संवेदकांत अनेक छिद्रांतून पडणाऱ्या प्रतिमांचे मध्य काढून त्यांची सरासरी घेतात. त्यामुळे यादृच्छिक चुका कमी होतात.

सूर्याची दिशा सुटण्याचा परिणाम सोहो यानाच्या बाबतीत दिसून आला. घूर्णींच्या नियंत्रणातील चुकांमुळे २५ जून १९९८ रोजी त्याचा रोख ढळला, वीज खंडित झाली व संपर्क तुटला. ते १६ सप्टेंबर रोजी पुन्हा सूर्याभिमुख झाले.