मागे जाऊ नका

२०१६च्या गणपतीआधीची गोष्ट. बोरिवली स्लोमध्ये अंधेरीच्या गर्दीत उभा राहून मी कणकवलीच्या एका खाजगी बसचं तिकीट मोबाइलवर काढत होतो. कीबोर्डने खालचं बटण झाकलं होतं. बॅक दाबलं, कीबोर्ड गेला. 'पैसे भरा' दाबलं, तर चक्र फिरतच राहिलं. पुन्हा बॅक, पुन्हा 'पैसे भरा'. गोरेगाव येईपर्यंत बँकेचे दोन मेसेज आले. पैसे दोनदा कापले गेले होते!

चूक अंगठ्याचीच, असं तेव्हा वाटलं. पण ही भानगड मोबाइलपेक्षा जुनी आहे. नोव्हेंबर १९९५मध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी एचटीएमएल २.०चे नियम प्रसिद्ध केले. त्यात फॉर्म पाठवायच्या दोन रीती होत्या, गेट आणि पोस्ट. गेट म्हणजे स्टेशनवरचा इंडिकेटर बघणं, दहादा बघितला तरी गाडीला फरक पडत नाही. पोस्ट म्हणजे खिडकीतून पैसे आत सरकवणं. दोनदा सरकवले तर दोन तिकिटं. हा फरक तेव्हाच लिहून ठेवला होता.

१९९७च्या एचटीटीपी १.१मध्ये ३०३ हा संकेत आला. फॉर्म पोचला की सर्व्हर ब्राउझरला पावतीच्या वेगळ्या पानावर पाठवतो. मग रिफ्रेश केलं तरी फक्त पावती पुन्हा दिसते. तरीही बॅक दाबून फॉर्मवर परतता येतंच. त्यासाठी प्रत्येक फॉर्मला एक गुप्त क्रमांक द्यायचा आणि तोच दुसऱ्यांदा आला तर नाकारायचा. एवढं सोपं आहे. ते न करता 'कृपया बॅक दाबू नका' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. काम त्यांचं, ताकीद आपल्याला.

त्यात २००८मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, बॅकचं खरंखुरं बटण घेऊन. २००७च्या आयफोनला ते नव्हतंच. अँड्रॉइडवर तेच बटण कधी कीबोर्ड मिटवतं, कधी पान मागे नेतं, कधी अॅपच्या बाहेर काढतं. पुढे पुशस्टेटमुळे वेबपानाला ब्राउझरच्या इतिहासात स्वतःची नोंद करता येऊ लागली. म्हणजे फॉर्मची दुसरी पायरी उघडताना नोंद केली, तर बॅकने पहिली पायरी दिसते. नोंद विसरली, तर भरलेलं सगळं जातं.

बसवाल्यांनी पैसे परत केले नाहीत. दुसऱ्या सीटवर आईने पुठ्ठ्याचं मखर ठेवलं. ते कणकवलीपर्यंत न चुरगळता पोचलं.