काची-काची डोंगराचा धूर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन वर्षांपूर्वी एक ठेंगणी लाल स्पोर्ट्स कार राहायला आली. मालक तरुण, आणि गाडी त्याच्याहून थोडीच लहान. आठवडाभर ती कापडी आच्छादनाखाली झोपलेली असते. रविवारी सकाळी तो तिला उठवतो आणि उठताना ती अशी काही खोकते की मागून निघालेला निळसर पांढरा लोट थेट जिन्यापर्यंत येतो. पहिल्या रविवारी आमचा वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला होता. मिनिटभरात धूर विरतो, गाडी गुरगुरत निघून जाते आणि मागे पहिल्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार तेवढी उरते.

"अरे, गाडी बिघडलीय का रे?" मी त्याला विचारले.

"नाही सर, स्वभावच आहे तिचा. ऑइल पिते ती थोडं."

मी बी.ए. झालो तो इतिहास घेऊन. यंत्रातले माझे ज्ञान म्हणजे बावीस वर्षे चालवलेली टू-स्ट्रोक स्कूटर. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावेच लागे, त्यामुळे तो वास माझ्या नाकाच्या ओळखीचा आहे. पण स्कूटरची गोष्ट वेगळी. लाखो रुपयांच्या गाडीने ऑइल का प्यावे आणि मालकाने ते कौतुकाने का सांगावे, हे कोडे काही डोक्यातून जाईना. मग नेहमीप्रमाणे पुस्तकांत शिरलो आणि भलतीकडेच जाऊन पोचलो. त्याचीच ही हकीगत.

आधी थोडे सामान्यज्ञान. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे. पांढरा आणि लगेच विरणारा असेल तर ती बहुतेक वाफ. निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काही गाड्यांत सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे निजलेले असतात. पोर्शची ९११ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. गाडी उभी असताना आडव्या सिलिंडरात थोडे ऑइल झिरपून साचते आणि इंजिन सुरू झाले की ते जळून जाते. आमच्या लाल गाडीचे तेच आहे. म्हणजे पोरगा खोटे बोलत नव्हता.

ऑइल पिण्याची परंपरा तशी जुनी. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या इंजिनात चक्क एरंडेल घालत. ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून उपयोगी. त्या इंजिनात सिलिंडरांसकट सगळे धूडच गरगर फिरे आणि वापरलेले एरंडेल बाहेर फेकले जाई. ते वैमानिकाच्या नाकातोंडात जाई, आणि एरंडेलाचा गुण काय ते मराठी वाचकाला सांगायला नको! १९०९ साली बाजारात आलेल्या 'कॅस्ट्रॉल' या तेलाच्या नावात हेच 'कॅस्टर' म्हणजे एरंड दडले आहे. असो.

मी अडकलो तो दुसऱ्याच एका फिरत्या इंजिनापाशी. फेलिक्स वांकेल नावाचा जर्मन माणूस. जन्म १९०२. विद्यापीठाची पदवी नाही, आणि दृष्टी अधू असल्याने गाडी चालवण्याचा परवानाही नाही म्हणे. तरुणपणी तो नात्सींच्या वळचणीला होता, मग त्यांच्याशीच भांडून १९३३ मध्ये काही महिने तुरुंगात जाऊन आला. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. त्याची कल्पना मात्र विलक्षण होती. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. ही आदळआपट हवीच कशाला? कमरेत किंचित आवळलेली लंबगोल डबी घ्यावी, तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरवावा आणि त्याच्या तीन बाजूंनी हवा-पेट्रोल घेणे, दाबणे, पेटवणे, बाहेर टाकणे ही सगळी कामे फिरता फिरताच उरकावीत. एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ साली असे पहिले इंजिन चालले आणि जगभरच्या मोटार कंपन्या परवाना घ्यायला धावल्या.

त्यात एक होती हिरोशिमाची तोयो कोग्यो. आज आपण जिला माझदा म्हणतो तीच. १९२० साली बुचाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा मध्ये असलेल्या हिजियामा टेकडीमुळे कारखाना बराचसा वाचला. पुढे १९६० च्या सुमारास जपान सरकारच्या मनात आले की देशात मोटार कंपन्या फार झाल्या, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावे. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखले की दुसऱ्या कोणाकडे नाही असे काही आपल्याकडे असेल तरच आपण वाचू. १९६१ मध्ये त्यांनी फार मोठी रक्कम मोजून वांकेल इंजिनाचा परवाना पदरात पाडून घेतला.

जर्मनीहून नमुना आला आणि लक्षात आले की विकत घेतले आहे ते इंजिन नसून एक गृहपाठ आहे.

१९६३ च्या एप्रिलमध्ये ४७ अभियंत्यांचा एक विभाग काढला. प्रमुख केनिची यामामोतो. बॉम्बमध्ये या माणसाची बहीण गेली होती. युद्धानंतर पोटासाठी तो याच कारखान्यात साधा कामगार म्हणून गिअरबॉक्स जुळवायला लागला आणि तिथून वर आला. जपानी इतिहासात आपल्या धन्यासाठी प्राण देणारे ४७ सामुराई प्रसिद्ध आहेत, तेव्हा या मंडळींना तेच नाव पडले.

पहिला शत्रू असा: त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना फटीतून वायू निसटू नये म्हणून पट्ट्या बसवलेल्या असतात. इंजिन काही तास चालले की या पट्ट्या डबीच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओळीने ओरखडे उठवत. अभियंते त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. हे वाचताना मला हसूच आले, कारण हे ओरखडे मी आयुष्यभर पाहिले आहेत. खडू विशिष्ट कोनात धरून फळ्यावर दाबून ढकला. तो कर्र करत थरथरतो आणि सलग रेघेऐवजी टिंबांची रेघ उमटते. भूमितीत तुटक रेषा काढायला मी ही युक्ती मुद्दाम वापरत असे. आणि खडू किंचाळू लागला की काय करायचे हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे: मोडून आखूड करायचा. थरथरण्याची लय बदलते, किंचाळणे थांबते. यामामोतोंच्या माणसांनी अखेर हेच केले. पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी भोके पाडून तिची लय बदलली आणि ओरखडे थांबले. प्रत्यक्ष विक्रीच्या गाड्यांत मग कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र करून केलेली पट्टी आली.

दुसरा शत्रू धूर. फिरणारा त्रिकोण आतून थंड ठेवायला त्याच्या पोटात ऑइल खेळवतात. ते बाजूच्या फटींतून जळणाच्या कप्प्यात शिरे आणि गाडी मागे पांढऱ्या धुराचे शेपूट घेऊन धावे. अशा इंजिनाला त्यांनी नाव ठेवले 'काची-काची यामा'. यामा म्हणजे डोंगर. ही जपानी मुलांची गोष्ट आहे. एक तानुकी, म्हणजे कोल्ह्याकुत्र्यासारखा दिसणारा एक लबाड प्राणी, एका म्हाताऱ्याच्या बायकोला मारतो. ससा त्याचा सूड घ्यायचे ठरवतो. तानुकीच्या पाठीवर मोळी देऊन तो मागून चालतो आणि गारगोटीने ती पेटवतो. काची-काची आवाज ऐकून तानुकी विचारतो, हे काय रे? ससा म्हणतो, हा काची-काची डोंगर ना, इथे असेच वाजते. पाठीवरून धूर निघत असतो आणि त्याला पत्ता नसतो! कमी वेगात सगळी गाडी थडथडवणाऱ्या इंजिनाचे नावही असेच: 'विजेचा मालिशवाला'.

कंपनीचे भवितव्य टांगणीला लागलेले, बाहेर लोक वेड्यात काढताहेत, आणि ही माणसे आपल्या फसलेल्या यंत्रांना बालगोष्टींतली नावे ठेवताहेत, हे मला फार आवडले. ऑइल अडवायला त्यांनी सील तयार करणाऱ्या कंपन्यांना सोबत घेतले आणि रबराच्या कड्यांसह नव्या सीलने ते अडवले. पूर्ण नाही हं! टोकाच्या पट्ट्यांना वंगण हवेच. पिस्टनच्या कड्यांना खालच्या बाजूने ऑइल मिळते आणि जास्तीचे खरवडून परत नेता येते. या पट्ट्यांना मागची बाजूच नाही. म्हणून एक छोटा पंप मोजून मापून थोडे ऑइल आतच सोडतो आणि ते जळून जाते. म्हणजे ऑइल पिणे हा या इंजिनाचा दोष म्हणता येत नाही, तो त्याचा आहारच आहे. मात्र सील झिजले, रबर कडक झाले की उभ्या गाडीत ऑइल झिरपते आणि सकाळी पहिल्याच किल्लीला तानुकीची मोळी पेटते. जुन्या रोटरी स्पोर्ट्स कारचे मालक त्या पहिल्या धुराकडे वैद्याने नाडी पाहावी तसे पाहतात.

१९६५ पासून साठेक गाड्या विक्रेत्यांकडे नुसत्या चालवून पाहायला दिल्या. ३० मे १९६७ ला 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आली. जेमतेम ११७६ तयार झाल्या, पण १९६८ मध्ये जर्मनीत ८४ तासांच्या शर्यतीत त्यांतली एक चौथी आली.

त्याच १९६७ साली खुद्द एनएसयूने 'आरओ ८०' ही मोठी गाडी आणली. देखणी होती, युरोपात १९६८ ची सर्वोत्तम गाडी ठरली. पण पट्ट्या पुरत्या कसाला लागल्या नव्हत्या. इंजिने मरू लागली, कंपनी निमूटपणे फुकट बदलून देऊ लागली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की मालक बोटे वर करून आपले कितवे इंजिन ते एकमेकांना दाखवत, असे सांगतात. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पोटात गेली. दोष कल्पनेचा नव्हता. प्रश्न ठाऊक असताना उत्तरपत्रिका घाईने दिली, इतकेच. मी एनएसयूला दोष देतो तेव्हा माझी बायको म्हणते, तुम्हाला पेपर तपासल्याशिवाय चैन पडत नाही. असेल तसे.

जिंकलेल्यांचेही सुखाने गेले नाही. १९७३ चे तेलसंकट आले आणि पेट्रोल ढोसणारी ही इंजिने कोणाला नकोशी झाली. तोयो कोग्यो बुडण्याच्या बेतात आली, बँकेने हात दिला. कारखान्यातली हजारो माणसे गाड्या विकायला विक्रेत्यांकडे पाठवली गेली. रोटरी सोडून द्या असे सांगणारे पुष्कळ होते. यामामोतोंचे म्हणणे असे की लोकांना आम्हीच हे विकले, आता अर्ध्यावर सोडणे म्हणजे त्यांचा विश्वासघात. इंधनाचा खर्च खाली आणून १९७८ मध्ये 'आरएक्स-७' आली आणि तिने कंपनी सावरली. १९८४ मध्ये यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले. २०१७ मध्ये ते वारले.

१९९१ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्स इथे चोवीस तासांच्या शर्यतीत माझदाची ७८७बी पहिली आली. तोवर एकही जपानी गाडी ती शर्यत जिंकली नव्हती, आणि पिस्टन नसलेली गाडी तर तिथे त्यानंतरही जिंकलेली नाही. परत आणून इंजिन उघडले तर पट्ट्या धडधाकट होत्या. पुढची 'आरएक्स-८' ही गाडी मात्र २०१२ मध्ये बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले आणि ऑइल जाळणाऱ्याला त्यात जागा उरली नाही.

हे सारे मी त्या लाल गाडीवाल्या पोराला सांगितले. तानुकीच्या गोष्टीला तो मनापासून हसला, मग ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसत म्हणाला, "सर, बघा, या महिन्यात अर्धा लिटर गेलं." वॉचमनलाही गोष्ट आवडली आहे. तो आता बादली घेऊन धावत नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मात्र मी अजून सांगितलेली नाही.